आईचे मुंबई दर्शन

माणूस ज्या गावात राहतो ते गाव तो पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्या पाटण तालुक्यात अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांनी कोयनेचे धरण जवळ जाऊन पाहिलेले नाही. ते पाहायला पुण्यामुंबईची मंडळी येतात, फोटो काढतात आणि धरणाची उंची आम्हालाच सांगून जातात. पंढरपूरला माझे एक स्नेही आहेत. पाहुणा आला म्हणजेच आमचे विठोबाचे दर्शन होते, असे ते हसत हसत कबूल करतात. जे केव्हाही पाहता येईल ते बहुधा पाहायचे राहून जाते.

पण न पाहण्याचेही दोन प्रकार आहेत. एक आळसाचा आणि दुसरा सवड नसल्याचा. माझी आई दुसऱ्या प्रकारात मोडते. १९७२ साली लग्न होऊन ती लालबागेत आली, आणि १९८३ साली आम्हा मुलांना घेऊन गावी परतली. म्हणजे पुरी अकरा वर्षे ती मुंबईत राहिली. एवढ्या काळात तिने समुद्र पाहिला दोनदा. दोन्ही वेळा अनंत चतुर्दशीला, गिरगाव चौपाटीवर, पुढच्या माणसांच्या खांद्यांच्या फटीतून. राणीच्या बागेतला हत्ती एकदा पाहिला. बाकी मुंबई तिने पाहिली ती लोकांच्या तोंडून.

याची तिला खंत होती असे मी म्हणणार नाही. पण गावात कुणी सहलीने मुंबईला जाऊन आले की आमच्या ओट्यावर एक ठरलेला प्रवेश होई. दोन दिवसांत मुंबई पाहून आलेली बाई गेटवेपासून जुहूपर्यंत सारे वर्णन करी आणि शेवटी आईला विचारी, “तुमी तर किती वर्सं व्हता तितं, तुमी बघितलंच आसंल समदं.” आई म्हणे, “न्हाई बाई.” मग ती बाई आईकडे अशा नजरेने बघे, की हिची अकरा वर्षे खरी की काय, असाच संशय यावा! आई मुकाट्याने हातातली शेंग सोलू लागे.

तिला सवड का नव्हती, ते सांगायला हवे. माझे वडील एका गिरणीत साचे चालवीत. दहा बाय बाराची खोली, तिच्यात आम्ही घरचे, आणि जेवायला बाहेरचे चौदा जण. आई खानावळ चालवी. गिरणगावात अशा बायका शेकड्यांनी होत्या. बायकामुले गावी ठेवून एकटे राहणारे गिरणी कामगार त्यांच्या हातचे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. या बायकांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले, तेव्हा कुठे लोकांना कळले की ही खानावळ म्हणजेही एक धंदाच आहे. गिरणीला तीन पाळ्या, म्हणून आईच्या चुलीलाही तीन पाळ्या. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी जेवून झोपणार, आणि दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री येऊन ताट मागणार. अशा बाईने राजाबाई टॉवर पाहायला जायचे केव्हा?

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. डॉ. दत्ता सामंतांचे ते दिवस आता इतिहासाच्या पुस्तकात गेले आहेत. आईच्या लेखी त्या इतिहासाचे पान म्हणजे एक लाल पुठ्ठ्याची वही. पगार बंद झाले तरी भूक बंद होत नाही. चौदाही माणसे काही महिने उधारीवर जेवली. मग आईच्या पाटल्या गेल्या, मग एकेक माणूस गावाकडे गेला, आणि शेवटी आम्हीही गेलो. त्या चौदांपैकी नऊ जणांनी पुढे केव्हा ना केव्हा मनीऑर्डरने पैसे पाठवले. उरलेल्या पाचांबद्दल आईच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नाही. “नसतील तर कुठनं दील?” एवढेच ती म्हणे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका कादंबरीच्या प्रुफांसाठी मला मुंबईस जायचे होते. मी आईला म्हटले, “चल. एका दिवसात सगळी मुंबई दाखवणारी बस असते. बसल्या बसल्या बघायचं.” वडील गेल्यापासून ती मुंबईचे नाव काढले की विषय बदलत असे. या वेळी तिने फक्त विचारले, “लालबागेवरनं जाती का ती?” मी फोन करून चौकशी केली. तिकडचा माणूस म्हणाला, “हो हो, लालबागवरूनच जाते.” ते वाक्य किती अक्षरशः खरे होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते!

सकाळी आठ वाजता दादरहून बस सुटली. थंडगार हवेची, गुबगुबीत खुर्च्यांची बस. आईने खुर्चीवर हात फिरवून पाहिला आणि पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी. मी “दुपारी जेवायला हॉटेलात थांबतात” असे सांगितले होते, पण जिने आयुष्यात हजारो डबे भरले, तिला दुसऱ्याच्या डब्यावर विश्वास कसा वाटावा?

बसमध्ये अवघा भारत जमला होता. नागपूरचे नवपरिणीत जोडपे, इंदूरचे एक भरगच्च कुटुंब, केरळातले दोन विद्यार्थी, आणि बेळगावचे एक निवृत्त पोस्टमास्तर, जे प्रत्येक ठिकाणी उतरताना घड्याळ लावून घेत. गाइड एक विशीबाविशीचा तरुण होता. हिंदी, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात सुखाने नांदवी. त्याचे आवडते शब्द म्हणजे ‘ओन्ली पंधरा मिनिट’. गेटवेला पंधरा मिनिटे, देवाला पंधरा मिनिटे आणि समुद्रालाही पंधरा मिनिटे. मी शाळामास्तर असल्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासात अकबराचे सारे राज्य आटोपण्याची मला सवय आहे. तरी या तरुणापुढे मी हात टेकले.

परळ आले आणि बस उड्डाणपुलावर चढली. हा पूल २०११ साली झाला, लालबागच्या थेट डोक्यावरून भायखळ्याकडे जाणारा. आई एकदम पुढे सरकली. “लालबाग आलं का?”

“खाली आहे,” मी म्हणालो.

तिने काचेला कपाळ टेकवले. खालची वस्ती दिसत नव्हती. दिसत होत्या चाळींच्या वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेली लुगडी, कौले, निळी ताडपत्री, आणि मधेच त्यांच्या दहापट उंचीच्या नव्या इमारती. ज्या रस्त्यावरून ती डोक्यावर बाजार घेऊन चालली होती, त्या रस्त्यावरून ती आज तीन मजले उंचीवर उडत चालली होती. गाइड त्या वेळी नाश्त्याची कुपने वाटत होता. आई बोटांनी काहीतरी मोजीत होती. मला वाटले, ती आमची चाळ शोधते आहे. पण ती म्हणाली, “धुरांडी दिसंनात रं. तवा खिडकीतनं सात दिसायची.”

पूल उतरला. राणीचा बाग आला आणि गेला. आईने हत्तीचे नावही काढले नाही.

बोरीबंदरला आम्ही उतरलो नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत, काम सुरू १८७८ साली, युनेस्कोचा जागतिक वारसा २००४ साली, असे गाइडने सांगितले आणि आम्ही माना वेळावून कळस पाहिले. पुढे हुतात्मा चौकात सिग्नल लाल झाला म्हणून बस अर्धा मिनिट थांबली. “राइट साइडला फ्लोरा फाउंटन, १८६४ का,” गाइड म्हणाला. आईची नजर कारंज्याकडे नव्हती. ती शेजारच्या स्मारकाकडे, मशाल धरलेल्या त्या दोघांकडे बघत होती.

“ही कोण रं?”

“एक कामगार आणि एक शेतकरी. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे लोक गोळीबारात गेले, त्यांचं स्मारक. त्यांत पुष्कळ गिरणीवाले होते. १९६१ साली उभारलं.”

“मामंजी सांगायचं. त्येबी व्हतं मोर्च्यात.” क्षणभर थांबून ती म्हणाली, “म्हंजे येक तरी उभा केलाय म्हणायचा आपल्यातला.”

सिग्नल हिरवा झाला.

गेटवेपाशी पंधरा मिनिटे होती. इथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी इथे उतरली, त्या वेळी ही कमान नव्हतीच. स्वागतासाठी पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. खरी दगडी कमान पुढे १९२४ साली पुरी झाली. उंची २६ मीटर. आणि गंमत अशी की १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण बोटीत चढली ती याच कमानीखालून. मी हे सारे आईला समजेल असे सांगितले. तिने बादशहाविषयी काडीचेही कुतूहल दाखवले नाही. तिने विचारले, “बांधली कुनी?”

“जॉर्ज विटेट नावाच्या साहेबानं नकाशा काढला,” मी म्हणालो. “त्यानंच ते पलीकडचं म्युझियम बांधलं. आणि परळचं के. ई. एम. हॉस्पिटलही त्याचंच.”

आई चालता चालता थांबली.

“के. ई. एम.?”

“हो.”

“तू झालास त्ये?”

“तेच.”

तिने कमानीकडे पुन्हा वर पाहिले. आता ती निराळ्याच नजरेने पाहू लागली. आधी ती एका परक्या दारात उभी असल्यासारखी बाजूला उभी होती. आता ती सरळ कमानीखाली गेली, दगडावर तळहात टेकवला आणि म्हणाली, “दगूड त्योच वाटतोय रं. त्या जिन्याच्या कडंला मी बसलेली हाय, तुझा बाप औषिद आणाया गेलेला तवा.” दगड तोच आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि त्या वेळी ते शोधण्याची गरजही वाटली नाही. पोस्टमास्तरांनी घड्याळ दाखवून हाक मारली. आमची सतरा मिनिटे झाली होती.

त्यानंतर दिवस बदलला. सकाळी शेजारी बसलेली बाई नुसती बघत होती, आता ती जोडू लागली. ओव्हलच्या मैदानाकडून राजाबाई टॉवर दिसला. १८७८ साली पुरा झालेला हा मनोरा शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला, आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले आहे, हे ऐकून आईने माझ्याकडे अशा काही दृष्टीने पाहिले की मी घाईघाईने पुढचे सांगितले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशाने मुंबईची निम्मी ऐट उभी राहिली. “म्हंजे हाबी कापसाचाच,” आई म्हणाली आणि मान डोलावली.

मणिभवनात गांधीजींची खोली आहे. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईस आले की ते बहुधा इथे उतरत. खोलीत चरखा ठेवलेला आहे. इंदूरच्या मंडळींनी हात जोडले. आईनेही जोडले आणि मग कारागिराच्या बायकोच्या नजरेने त्या चाकाकडे पाहून पुटपुटली, “ह्यो चालताना बोलनं ऐकू येत आसंल. आमच्या ह्यांना साच्यांच्या खडखडाटानं दोन्ही कानांनी कमी यायचं.” वडील घरात नेहमी मोठ्याने बोलत. लहानपणी मला वाटे, ते रागावले आहेत.

मलबार टेकडीवरच्या टांगत्या बागेत झाडे कापून त्यांचे हत्तीघोडे केले आहेत. नागपूरच्या जोडप्याचे निदान चाळीस फोटो तिथे निघाले. या बागेच्या खाली एकोणिसाव्या शतकात बांधलेला पाण्याचा प्रचंड साठा आहे आणि त्यातून दक्षिण मुंबईला पाणी जाते, असे मी सांगताच आई हिरवळीवरून बाजूला झाली, जणू पाय लागू नये! “एवढं पानी हितं दडवून ठिवलेलं आनि आमी नळावर पहाटं तीनला हंडं लावायचो,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. एखादी हरवलेली वस्तू चाळीस वर्षांनी सापडावी, तसे काहीसे तिच्या बोलण्यात होते.

दुपारच्या जेवणाला हॉटेलात चाळीस मिनिटे मिळाली. आईने शिदोरी सोडली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची. माझ्या पानातल्या पनीरकडे तिने सहानुभूतीने पाहिले. मग तिचे लक्ष दाराकडे गेले. गाइड बिले, कुपने आणि कुणाची तरी हरवलेली टोपी यांत गुंतला होता. त्याने काही खाल्ले नव्हते. आई उठली आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“जेवलास का रं?”

“होईल आजी. संध्याकाळी.”

“संध्याकाळी न्हाई. आत्ता.”

त्या आवाजाला नाही म्हणणे सोपे नव्हते. चौदा पैलवान गडी त्या आवाजापुढे पानावर बसत असत. पोरगा बसच्या पायरीवर बसून दोन भाकरी जेवला. तो बदलापूरला राहत होता आणि पहाटे चारला उठून आला होता. जेवता जेवता त्याने आईला विचारून सारे काढून घेतले. लालबाग, खानावळ, संप, सगळे.

हाजी अलीचा दर्गा समुद्रात उभा असलेला दुरून पाहून बस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडे वळली. वाटेत काचेच्या उंच इमारतींमधून एक जुने धुरांडे डोकावले. बाजूची गिरणी नाही, नुसते धुरांडे. आई ताठ बसली. गाइडने ध्वनिक्षेपक हातात घेतला. मला वाटले, आता एखाद्या नटाचा बंगला येणार. पण तो म्हणाला, “यहाँ का मैं नहीं बताऊँगा. आजी बतायेंगी,” आणि त्याने ती नळी सरळ आईच्या हातात दिली.

मी गडबडलो. आई शाळेच्या संमेलनातही मागल्या रांगेत बसते. तिने ध्वनिक्षेपक उलटा धरला, गाइडने तो सुलटा केला, आणि सगळी बस गप्प झाली.

“हितं समद्या गिरण्या व्हत्या,” आई म्हणाली. “भोंगा वाजला की रस्ता मानसांनी भरायचा. अडीच लाख मानूस व्हतं. समद्यांना दोन येळला भूक लागायची.” ती थांबली. मला वाटले, संपले. मग ती म्हणाली, “त्यास्नी आमी बायांनी जेवाया घातलं.”

आणि तिने ध्वनिक्षेपक परत दिला.

गाइडने त्याचे हिंदी केले, इंग्रजीही केले. इंदूरच्या आजीबाई उठून आईच्या शेजारी येऊन बसल्या. केरळातल्या एका मुलाने हात जोडले. पोस्टमास्तर चष्मा पुसू लागले, आणि वरळी येईपर्यंत त्यांनी घड्याळ पाहिले नाही. आई मात्र खिडकीबाहेर बघत होती. धुरांडे मागे पडले तरी मान वळवून बघत होती.

पुढचा दिवस मजेत गेला. २००९ साली झालेल्या सागरी सेतूवर तिने जीव मुठीत धरला. जुहूला ती घोटाभर पाण्यात उभी राहिली, आणि या वेळी तिच्या आणि समुद्राच्या मध्ये कुणाचेही खांदे नव्हते. मी चार वेळा हाक मारली तेव्हा ती बाहेर आली. परतीच्या वाटेवर सिद्धिविनायकाच्या रांगेत तिने इंदूरच्या आजीबाईंना चटणीची कृती सांगितली. हिंदीत! ती हिंदी ऐकून गणपतीही हसला असेल.

दादरला उतरल्यावर मी म्हणालो, “उद्या टॅक्सी करू. लालबागला जाऊन आपली चाळ बघून येऊ.”

“नगं,” ती म्हणाली. “तितं आता दुसरं कुनी ऱ्हात आसंल. त्यांच्या सैपाकाची येळ आसती.”

शहर दाखवणारे लोक शहराचे कळस, कमानी आणि मनोरे दाखवतात. त्यांचे काही चुकत नाही. पंधरा मिनिटांत दुसरे काय दाखवणार? पण ज्यांच्या घामावर शहर चालले, त्यांना ते पाहायला सुट्टी मिळाली नाही, आणि सुट्टी मिळाली तेव्हा शहरच दुसरे झाले होते. आईला तिची मुंबई परत मिळाली असे मी म्हणणार नाही. पण जी मुंबई तिने पाहिली नव्हती ती आणि जी ती जगली होती ती, यांच्यामध्ये तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने एक टाका घातला.

आम्ही गावी परतलो तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती. फराळाचे डबे घेऊन बायका ओट्यावर जमल्या. सहलीवाली बाईही होती. आई मुंबई सांगू लागली. मी आत प्रुफे वाचीत होतो, पण कान बाहेर होते. तिच्या सांगण्यात क्रम निराळाच होता. आधी नळ, मग खानावळ, मग भोंगा, मग मशालवाला माणूस. ऐकता ऐकता त्या बाईला राहवेना.

“आनि गेटवे? गेटवे बघितला का न्हाई?”

“बघितला की,” आई म्हणाली. “आमच्या के. ई. एम.वाल्या मिस्त्रीचाच हाय त्यो.”